बॉम्ब शेल्टरमधली अंबाडी

सिंगापूरच्या सरकारी घरांत एक खोली बिनखिडकीची असते. भिंती जाड, दार पोलादी, आणि ते लावून घेतलं की कानांत दडे बसतात. बॉम्ब पडायला लागले तर कुटुंबाने आत जाऊन बसावं म्हणून ती बांधलेली, तिचं नावच बॉम्ब शेल्टर. बॉम्ब काही पडत नाहीत, त्यामुळे लोक तिथे सुटकेसा, तांदळाच्या पिशव्या, मोडके पंखे आणि आकाशकंदील ठेवतात. तोआ पायोहच्या आमच्या घरातही हेच सामान होतं. मग ते बाहेर काढून मी तिथे अंबाडी लावली. ती छताला जाऊन टेकली आणि एके दिवशी सरकारची माणसं ती बघायला आली.

मंडळाच्या गणपतीत हा किस्सा मी एक-दोनदा सांगितला आहे. लोक पोट धरून हसतात आणि मीही त्यांना हसू देतो, कारण मी तो अर्ध्यावर थांबवतो. किस्सा माझ्या बायकोच्या शेवटच्या वर्षातला आहे, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आधी आमच्याविषयी सांगतो. मी पुण्याचा, पेशाने अकाउंटंट, एका जहाज कंपनीत नोकरीला. बायको लातूरकडच्या एका खेड्यातली. लग्न ठरवून झालेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने हौसेने अंबाडीची भाजी केली होती, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी. मी नुसता वास घेतला आणि म्हणालो, "हा चिंचेचा पाला तुमच्याकडे माणसं खातात?" तिने ताट माझ्यापुढून उचललं, स्वतःपुढे ओढलं आणि म्हणाली, "गाढवाला गुळाची चव काय." त्यानंतर अंबाडी हा आमच्या घरात कायमचा चेष्टेचा विषय झाला. ती खायची, मी खायचो नाही, आणि एवढ्या वर्षांत त्या भाजीचा एक घासही मी तोंडात घातला नाही. खाताना मात्र तिच्याकडे बघायला मला आवडायचं. पहिल्या घासाला तिचा डावा डोळा गच्च मिटायचा, मान जरा खांद्याकडे जायची आणि मग सावकाश चेहरा उघडायचा. गावाकडे सुट्टीला गेलो की हा खेळ ठरलेला असे.

आजार पोटातला होता. निघाला तेव्हाच उशीर झालेला होता, पण डॉक्टरांनी तो शब्द वापरला नाही. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली. तिथले डॉक्टर चांगले, नर्सेस चांगल्या, वेटिंग रूममधला एसी तेवढा जीवघेणा. दोन-तीन फेऱ्यांनंतर तिच्या तोंडाची चव गेली. पाणी प्यायलं तरी पत्रा चाटल्यासारखं लागतं, म्हणायची. वरण नको, खिचडी नको, शेजारच्या चिनी आजी प्रेमाने कॉंजी, म्हणजे त्यांच्याकडची तांदळाची पेज, आणून द्यायच्या, तीही नको. वजन उतरायला लागलं. डॉक्टर समोर बसवून म्हणाले की वजन असंच घसरत राहिलं तर पुढची केमो देता येणार नाही, शरीर ती पेलणार नाही. म्हणजे तिला जगवायचं तर तिला जेववायचं होतं. इतकं सोपं गणित माझ्यासमोर आयुष्यात कधी आलं नव्हतं, आणि ते मला सुटत नव्हतं.

एका संध्याकाळी मी पेज घेऊन तिच्या उशाशी बसलो होतो. चमचा नुसता पुढे न्यायचा आणि मागे आणायचा, असं चाललं होतं. ती म्हणाली, "अंबाडी असती तर खाल्ली असती."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी तडक टेक्का मार्केटला गेलो. तिथे एका तमिळ भाजीवालीकडे आंबट पाला मिळतो. लाल देठाची जुडी घेऊन घरी आलो. तिने ती हातात धरून उलटसुलट केली आणि बाजूला ठेवली. "ही आंध्राकडची. आपली नव्हं. आपल्या अंबाडीचं पान पंजासारखं असतं, बोटं पसरल्यासारखं."

आजारी माणसाच्या हट्टापुढे कोण बोलणार? मी मेव्हण्याला फोन केला. त्याने इकडे परतणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर हिंगाच्या रिकाम्या डबीतून बी पाठवलं. राखाडी, टोकदार, तिळापेक्षा थोडं मोठं. डबी उघडली की अजून हिंगाचा वास यायचा.

लावायचं कुठे, हा प्रश्न होता. आमच्या कॉरिडॉरमध्ये ऊन येत नाही. आणि नर्सने बजावून सांगितलेलं की केमो चालू आहे तोवर माती, कुंड्या, फुलं काही तिच्या आसपास नको, साध्या बुरशीनेही ताप येईल. तेव्हा मला शेल्टर आठवलं. दार लावलं की माती आत आणि ती बाहेर. सुटकेसा बाहेर काढून बेडरूममध्ये रचल्या. झाडं घरात वाढवायचे एलईडी दिवे मिळतात, जांभळट-गुलाबी उजेडाचे, ते दोन मागवले. उभट कुंड्या आणल्या, टेबलफॅन लावला. मुलगी तेव्हा सेकंडरी स्कूलमध्ये नुकतीच गेली होती. ती दारात उभी राहून अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, इट्स लाइक अ डिस्को लाह." त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

बी उगवलं, आणि असं उगवलं की विचारू नका. मी डबीतलं जवळजवळ सगळं टाकलं होतं, म्हटलं निम्मं तरी रुजेल. सगळंच रुजलं. बायको पलंगावरून विचारायची, शेल्टरचं दार तिच्या खोलीच्या समोरच, पण बंद. "किती वर आली?" मी सांगायचो, वीतभर. "मग विरळणी करा. बारकी बारकी उपटून टाका, नाहीतर एकमेकांच्या उरावर बसतील."

ते मला जमेना. दार लावून मी कुंडीसमोर बसायचो, एखादं रोप चिमटीत धरायचो आणि सोडून द्यायचो. हॉस्पिटलात रोज काहीतरी कमी झाल्याचं ऐकायचं, या पेशी कमी, ते रक्त कमी, वजन कमी, आणि घरी येऊन जे जिवंत आहे ते स्वतःच्या हाताने उपटायचं? मी एकही रोप काढलं नाही. तिला सांगितलं, केली विरळणी.

पुढे ती म्हणाली, "आता शेंडे खुडा. अंबाडी खुडावी लागते. खुडली की फुटवे येतात, पानं कवळी राहतात. नुसती वाढू दिली की तिचा दोर होतो. आमचे दादा तिच्या सालीची दावी वळायचे, बैल बांधायला."

"उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं," मी म्हणालो.

"मला उंटावरून उतरू द्या, मग दाखवते."

पण मी खुडलीही नाही. दर आठवड्याला ती हातभर वाढत होती आणि मला ते बघायचं व्यसन लागलं होतं. ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी शेल्टरचं दार उघडायचो. अजून थोडी होऊ दे, मग एकदम पोटभर भाजी होईल, असा माझा हिशेब. दिवे आधी कपड्यांच्या स्टँडला बांधलेले, ते वर वर सरकवत छताला भिडले. झाडं त्यांच्याही पलीकडे जायला लागली. शेंडे दिव्याला टेकून करपायचे, म्हणून मी ते वाकवले आणि परकराच्या नाड्यांनी एकमेकांना बांधले. वाकवलेल्या काठ्यांतून नवे शेंडे सरळ वर निघाले. खाली उजेड पोचेना, तिथली पानं पिवळी पडून गळाली. मध्ये हात घालायला जागा उरली नाही. पाणी घालायला मी रांगत आत शिरायचो आणि बाहेर यायचो तेव्हा मानेवर पांढरी कीड चिकटलेली असायची. पुण्यात आयुष्यात मी साधी तुळस जगवली नव्हती. इथे जंगल माजलं होतं आणि त्यात कवळं म्हणावं असं एक पान नव्हतं.

"रात्री दिवा बंद करता ना?" एकदा तिने विचारलं. "झाडालाही झोप लागते. अंधार मिळाला तरच फुलं धरते ती." मी दिवे चोवीस तास चालू ठेवले होते, लवकर वाढावी म्हणून. त्यामुळे तिला एकही फूल आलं नाही. अंबाडीचं फूल पिवळं असतं, आत गडद लाल. एक जरी उमललं असतं तरी पुढचं कदाचित टळलं असतं.

मुलीने मला सावध केलं होतं, हेही सांगायला हवं. ती एकदा पाणी घालायला आत आली, पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, धिस लीफ... इट्स लाइक द पोस्टर इन माय स्कूल. द ड्रग वन." अंबाडीचं पान खरंच तसं दिसतं. पाच-सात लांब बोटं, कडा करवतीसारख्या. पण मी गांजा कधी पाहिलेला नाही, आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नसेल. मी म्हणालो, "वेडी की काय, आईच्या गावची भाजी आहे ती." तिने खांदे उडवले. ज्या देशात गांजासाठी माणसाला फाशी होते, त्या देशात गांजासारख्या पानांचं रान जांभळ्या दिव्याखाली पोलादी दारामागे वाढवायचं आणि वर मनाला काही शिवू नये, हे फक्त आमच्यासारख्या भाजीखाऊ माणसांनाच जमतं.

एसीची सर्व्हिसिंग करणारा दर तिमाहीला यायचा. त्या वेळी मी बायकोला उठवून बसवत होतो. त्याला शिडी टेकवायला जागा हवी होती, त्याने सामानाची खोली समजून शेल्टरचं दार उघडलं. जांभळा उजेड बाहेर आला आणि त्याने दार परत हळूच लावलं. मी म्हटलं, "व्हेजिटेबल, व्हेजिटेबल." त्याने मान डोलावली, माझ्याकडे न बघता सामान आवरलं आणि निघाला. एक एसी उघडाच राहिला. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

ते आले तेव्हा शनिवारची सकाळ होती. दोन पुरुष, एक बाई, साध्या कपड्यात, ओळखपत्रं पुढे धरलेली. बोलणं अतिशय सभ्य. घरात झाडं लावली आहेत असं कळलंय, बघायची आहेत. मी शेल्टरचं दार उघडलं. वाकलेल्या, बांधलेल्या, करपलेल्या त्या जंगलाकडे ते तिघे बघत राहिले. मग त्यांतला वयस्क होता तो म्हणाला, "सर, प्लीज डोन्ट टच एनीथिंग." आणि मला भिंतीपाशी उभं केलं.

मी बोलायला लागलो. ही भाजी आहे, आम्ही खातो, माझी बायको आजारी आहे, तिच्या गावाहून बी आलंय. बोलताना मलाच माझं बोलणं खोटं वाटायला लागलं. भाजीला चोवीस तास दिवा कशाला? भाजी पोलादी दाराआड कशाला? भाजी आहे तर एकही पान तोडलेलं कसं नाही? हा शेवटचा प्रश्न त्यातल्या बाईने विचारला. ते म्हणाले, तुम्हाला आमच्याबरोबर यावं लागेल. मी गेलो तर हिला औषध कोण देणार आणि मुलीला कोण बघणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. मुलगी सोफ्याच्या टोकाला बसून रडत होती.

तेवढ्यात बेडरूमचं दार उघडलं. कितीतरी दिवसांत ती आपली आपण उठली नव्हती. डोक्याला रुमाल, अंगावर माझा जुना स्वेटर, एक हात भिंतीवर. वयस्क अधिकाऱ्याने तिला बघून नकळत खुर्ची पुढे सरकवली, पण ती बसली नाही. ती सरळ शेल्टरच्या दारात जाऊन उभी राहिली. तिची अंबाडी ती पहिल्यांदा बघत होती.

"अगंबाई," ती म्हणाली. "काय करून ठेवलंत हे? कामून खुडली नाही?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने हात घालून एक शेंडा खुडला. अंगठा आणि बोट, एकच झटका, टक्‌ असा आवाज झाला. नर्सने कच्चं काही खायला सक्त बंदी केली होती. "अगं, नको," मी ओरडलो. तिने तो शेंडा तोंडात घातला आणि चावला.

तिचा डावा डोळा गच्च मिटला. मान खांद्याकडे गेली. गाल आत ओढले गेले, आणि मग सावकाश, जुन्या सवयीने, चेहरा उघडला. त्या बाई अधिकाऱ्याकडे बघून ती आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सावर. व्हेरी सावर. यू ईट." आणि दुसरा शेंडा खुडून तिच्यापुढे धरला.

त्या बाईने तो घेतला नाही, पण तिच्या ओठांच्या कडा हलल्या. आंबट खाणाऱ्याकडे बघितलं की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ते काही कायद्याने थांबत नाही. वयस्क अधिकाऱ्याने माझ्या बायकोकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा झाडांकडे पाहिलं. मला बरोबर यावं लागेल, हे तो पुन्हा बोलला नाही. त्यांनी एका छोट्या पिशवीत पान चुरगाळून कसलीशी तपासणी केली, आपसांत बोलले. झाडं मात्र न्यावी लागतील, म्हणाले, नीट तपासणी होईपर्यंत. मी देश सोडून जाऊ नये. मी म्हटलं, कुठे जाणार?

त्यांनी सगळी झाडं मुळासकट काढली, नाड्यांसकट पिशव्यांत भरली. दुपारपर्यंत शेल्टर रिकामं झालं, फक्त फरशीवर माती आणि पिवळी पानं. विरळणी झाली एकदाची, ती म्हणाली, आणि मग एकदम गळाल्यासारखी होऊन पलंगावर आडवी झाली.

माझ्या मनात मात्र भीतीच्या खालून काहीतरी दुसरंच वर येत होतं. तिला चव लागली होती! इतक्या महिन्यांनी तिच्या तोंडाला आंबट कळलं होतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अंबाडी गेली तर गेली, चव आली आहे, आता ती जेवेल, वजन धरेल, पुढची केमो मिळेल. मी इतका हुरळलो की फरशी पुसता पुसता शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी टेक्काहून लाल देठाचीच जुडी आणली. तिने पलंगावरून सांगितलं तशी केली. पानं उकडली, पाणी पिळून काढलं, कण्या नव्हत्या म्हणून तांदळाची कणी घातली, लसूण लाल होईपर्यंत फोडणी. मीठ बघायला मी मुलीला बोलावलं, माझ्या जिभेला त्यातलं काही कळलं नसतं. मुलीने चमचा तोंडात घातला आणि तिचा डावा डोळा गच्च मिटला. मान खांद्याकडे. "सो सावर, बाबा!" हुबेहूब आईची. मी मोठ्याने हसलो.

मग वाटी घेऊन आत गेलो. बायकोने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. चेहरा सरळ, जसा भात खाताना असतो. "छान झालीय," ती म्हणाली, आणि वाटी सरकवली. मी मनाशी म्हटलं, आंध्राकडची आहे ना, कमी आंबट असेल. मुलीचा मिटलेला डोळा पाच मिनिटांपूर्वी बघूनही मी असं म्हटलं. माणसाला जे बघायचं नसतं ते त्याला दिवसाउजेडीही दिसत नाही.

त्याच आठवड्यात तिला ताप भरला. नोव्हेनाला नेलं, दाखल केलं. रक्तात संसर्ग होता. त्या कच्च्या पानामुळे झाला असं कुणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही. वजन आणखी उतरलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि पुढच्या केमोचा विषय काढला नाही, तेव्हाच मला समजलं.

तिथल्या कॉरिडॉरमध्ये असतानाच फोन आला. तोच वयस्क अधिकारी असावा. तपासणी झाली आहे, जास्वंदीच्या कुळातली भाजी निघाली, तुमच्याविरुद्ध काही नाही, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. शेवटी आवाज जरा उतरवून त्याने विचारलं, "हाऊ इज युअर वाइफ, सर?" मी म्हटलं, फाइन.

आत जाऊन मी तिला ही बातमी सांगितली, जरा रंगवूनच. सरकारने मान्य केलं, लातूरची अंबाडी ही भाजीच आहे. मग म्हणालो, "तुझ्या भावाला पुन्हा बी पाठवायला सांगतो. या वेळी विरळणी करतो, खुडतो, दिवा बंद करतो, तू म्हणशील ते. चव आलीय तर आता ती जाऊ द्यायची नाही."

ती छताकडे बघत होती.

"अहो, चव कुठली," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"मला काहीच लागलं नव्हतं. कागद चावल्यासारखं होतं."

"मग तो डोळा?"

"अंबाडी खाताना डोळा मिटतोच. लहानपणापासून माहीत आहे. आठवून मिटला." ती थांबून थांबून बोलत होती. "तुम्हाला घेऊन चालले होते. मी तर जाणारच आहे. तुम्हीही गेलात तर पोरीनं काय करावं?"

मी तिच्या पलंगाच्या कडेवर कपाळ टेकलं आणि रडलो. आजार निघाल्यापासून पहिल्यांदा तिच्यासमोर रडलो. तिच्या तोंडात काही लागत नव्हतं, हे तिने इतके दिवस एकटीने गिळलं होतं, आणि मी शीळ घालत फरशी पुसत होतो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "काही खावंसं वाटतं का? काहीही. सांग."

"नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही खा. माझ्यापुढं बसून खा. अंबाडी."

मी घरी जाऊन केली. त्याच तमिळ बाईकडून जुडी, तीच फोडणी. मुलगी म्हणाली मीही येते, म्हणून दोघं डबा घेऊन गेलो. नर्सने पडदा ओढून दिला. मुलीने पलंगाचा मागचा भाग वर केला, आईच्या मानेखाली उशी सारली. ती पूर्ण जागी होती, त्या आठवड्यात क्वचित असायची तेवढी. मी डबा मांडीवर घेतला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी जी भाजी कधी तोंडात घातली नव्हती तिचा भला मोठा घास घेतला.

माझा डोळा मिटला. मी मिटला नव्हता, तो आपोआप मिटला, आणि मान कुठेतरी खांद्यात गेली. मी डोळा उघडला तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती, अगदी बारकाईने, मी ते नीट केलं की नाही हे तपासावं तशी.

"हां," ती म्हणाली. "अस्साच."

मी डबा संपवला. ती शेवटच्या घासापर्यंत बघत होती. त्यानंतर तिच्यासमोर कुणी काही खाल्लं नाही.